बाळासाठी उघडलेल्या दारातून आईच्या आरोग्यापर्यंत : सेंट लुईसच्या गृहभेटींचा प्रकरण अभ्यास

बाळंतपणानंतर बाईचे अंग सुटायचेच, असे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले जाते. गरोदरपणात वाढलेल्या वजनातील काही किलो बाळ वर्षाचे झाले तरी उतरत नाहीत, पुढचे गरोदरपण त्या वाढीव वजनावरच सुरू होते, आणि दोन-तीन बाळंतपणांनंतर मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा धोका पुष्कळ वाढलेला असतो. पहिले बाळंतपण सतराव्या-अठराव्या वर्षी झाले असेल तर ही साखळी फार लवकर सुरू होते आणि तिला थांबवण्याची संधीही त्याच वयात असते. अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात या संधीचा पद्धतशीर उपयोग करून पाहण्यात आला. त्यासाठी नवा दवाखाना किंवा नवे पथक उभारले गेले नाही. बाळाच्या वाढीसाठी आधीपासून घरी येणाऱ्या पालक-शिक्षिकेच्या भेटीतच आईच्या आहाराचे, हालचालीचे आणि वजनाचे काम बसवले गेले. हे काम कसे बसवले, कोणाच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला आणि कोणाच्या बाबतीत झाला नाही, याचा हा अभ्यास आहे.

आधीपासून उघडे असलेले दार

या प्रकरणाचा पाया ‘पॅरेंट्स ॲज टीचर्स’ हा कार्यक्रम आहे. बालवाडीत किंवा पहिलीत येणारी काही मुले शिकण्याच्या तयारीत आधीच मागे पडलेली असतात, हे मिसूरीतील शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींच्या लक्षात आले होते. शाळेत आल्यावर ही तूट भरून काढण्यापेक्षा जन्मापासूनच पालकांना साथ द्यावी, या विचाराने १९८१ मध्ये राज्यातील चार शाळा-जिल्ह्यांत प्रायोगिक काम सुरू झाले. मिल्ड्रेड विंटर या बालशिक्षणतज्ज्ञ त्यात अग्रभागी होत्या. राज्यपाल किट बाँड यांच्या कारकिर्दीत १९८४ मध्ये मिसूरीने बालविकासाचा कायदा केला आणि १९८५ पासून राज्यातील प्रत्येक शाळा-जिल्ह्याने ही सेवा देऊ करावी असे ठरले. पुढे हा कार्यक्रम अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि काही अन्य देशांत पोहोचला. त्याचे मुख्य कार्यालय मात्र सेंट लुईसमध्येच आहे.

सेवा विनामूल्य आणि ऐच्छिक आहे. सर्वसाधारण कुटुंबाकडे पालक-शिक्षिका महिन्यातून एकदा जाते, आणि जिथे गरिबी, अल्पवयीन मातृत्व किंवा घरातील अन्य ताण एकत्र आलेले असतात तिथे महिन्यातून दोनदा जाते. भेट साधारण तासाभराची असते. ती जमिनीवर बसूनच बरीचशी पार पडते, कारण मूल जमिनीवर खेळत असते. शिक्षिका आईला आणि मुलाला मिळून करता येईल असा एखादा खेळ देते आणि मूल काय करते ते आईलाच नीट पाहायला सांगते. त्यानंतर झोप, भरवणे, रडणे, शिस्त अशा त्या वयाच्या विषयांवर बोलणे होते. शेवटचा भाग कुटुंबाच्या एकूण स्वास्थ्याचा असतो : घरात काय चालले आहे, आई कशी आहे, शाळा किंवा नोकरी यांचे काय झाले.

आईच्या वजनाचे काम जिथे बसवता आले ती जागा या शेवटच्या भागात होती. सरकारी आरोग्ययंत्रणेत बाळंतिणीची भेट सहसा सहा आठवड्यांच्या तपासणीपाशी संपते, आणि त्यानंतर आई दवाखान्यात येते ती बाळाच्या लसीसाठी. वजनाच्या चिकित्सालयात स्वतःहून जाण्याइतका वेळ, पैसा किंवा उमेद अठरा वर्षांच्या आईकडे असेल अशी अपेक्षा करणेच चूक आहे. पालक-शिक्षिका मात्र दोन-दोन, तीन-तीन वर्षे त्याच घरात येत राहते. तिच्याबद्दल जमलेला विश्वास हीच या प्रकरणातील सर्वांत मोठी पुंजी होती असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व निष्कर्ष या मताच्या प्रकाशात वाचावेत.

सेंट लुईसमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्राउन स्कूलमध्ये काम करणाऱ्या डेब्रा हेअर-जोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखले. मूळच्या परिचारिका असलेल्या हेअर-जोशू यांनी सुरुवात वजनापासून केली नाही. त्यांच्या आधीच्या प्रकल्पांचा विषय फळे, भाज्या आणि स्निग्ध पदार्थ यांपुरता होता. मिसूरीच्या ग्रामीण भागात शाळापूर्व वयाच्या मुलांच्या पालकांसोबत केलेल्या अशाच एका प्रकल्पात गृहभेटींमुळे पालकांच्या आहारात फळे-भाज्या वाढल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून एक महत्त्वाची व्यावहारिक गोष्ट सिद्ध झाली. आहारतज्ज्ञ नसलेली पालक-शिक्षिका थोड्या प्रशिक्षणानंतर आहाराचा विषय नेटका हाताळू शकते, आणि त्यामुळे तिचे मूळ काम बाजूला पडत नाही.

अल्पवयीन आई आणि तिच्या हातात नसलेल्या गोष्टी

अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये ६१.८ बाळंतपणे होत होती. २००७ पर्यंत हे प्रमाण ४१.५ पर्यंत उतरले आणि पुढे आणखी झपाट्याने घटले. तरीही दरवर्षी लाखो मुली आई होत होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य मुली ज्या वस्त्यांत राहत होत्या तिथे लठ्ठपणाचे प्रमाण मुळातच जास्त होते.

या मुलींचा प्रश्न प्रौढ आयांपेक्षा वेगळा आहे. पौगंडावस्थेत शरीराची स्वतःची वाढ पुरती संपलेली नसते. अशा वेळी गरोदरपण आले की शिफारशीपेक्षा जास्त वजन वाढण्याची आणि वाढलेले वजन तसेच राहण्याची शक्यता अधिक असते. गरोदरपणात किती वजन वाढावे याच्या अमेरिकी शिफारशी २००९ मध्ये सुधारण्यात आल्या. त्यांनुसार योग्य वजनाच्या स्त्रीसाठी ११.५ ते १६ किलो, वजन जास्त असलेल्या स्त्रीसाठी ७ ते ११.५ किलो आणि लठ्ठ स्त्रीसाठी ५ ते ९ किलो वाढ योग्य मानली जाते. या मर्यादा ओलांडल्यावर उरणारे वजन पुढे सहज जात नाही.

मुलगी बहुधा स्वतःच्या आईच्या घरी राहते. बाजारहाट आजी करते, स्वयंपाकही आजीच करते, किंवा कोणीच करत नाही आणि सगळे आपापले काहीतरी विकत आणून खातात. मुलगी शाळेत परतली असेल तर दुपारचे जेवण शाळेच्या उपाहारगृहात होते. संध्याकाळी बाळ, अभ्यास आणि कधी अर्धवेळ नोकरी यांतून उरलेल्या वेळात पोट भरायचे ते चिप्स आणि कोल्ड्रिंकवर. अमेरिकेतील नेहमीच्या ३५५ मिलीलिटरच्या कोलाच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. तिथल्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या ५९१ मिलीलिटरच्या बाटलीत ती ६५ ग्रॅमच्या आसपास जाते आणि त्या एका बाटलीतून सुमारे २४० कॅलरी मिळतात. ही बाटली दुधाच्या शेजारी, कित्येकदा दुधापेक्षा स्वस्त मिळते. सेंट लुईस शहर डेलमार बुलेव्हार्ड या रस्त्याने जणू दोन भागांत विभागलेले आहे. रस्त्याच्या उत्तरेकडील वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि कमी उत्पन्नाची आहे. तिथे ताजी भाजी मिळणारे मोठे दुकान गाठण्यासाठी अनेकांना लांब जावे लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र शीतपेये कायम असतात.

अशा मुलीला ‘कमी खा’ असे सांगण्यात अर्थ नसतो आणि ते धोक्याचेही असते, कारण ती बाळाला अंगावर पाजत असेल तर तिची अन्नाची गरज वाढलेली असते. शिवाय वजनावरून बोलणी खाण्याचा अनुभव अशा बहुतेक मुलींच्या गाठीशी असतो. घरी येणारी पाहुणी तेच बोलू लागली तर पुढच्या भेटीला दार उघडणार नाही आणि बाळाच्या वाढीचे मूळ कामही बुडेल. कार्यक्रमाची आखणी करताना ही जोखीम सर्वांत मोठी होती.

‘बॅलन्स’ची रचना

किशोरवयीन आयांसाठी आखलेल्या उपक्रमाला ‘बॅलन्स’ हे नाव देण्यात आले. पॅरेंट्स ॲज टीचर्सचा अल्पवयीन पालकांसाठी वेगळा विभाग होता, त्यातच तो गुंफण्यात आला. मुलीपर्यंत एकच संदेश तीन वाटांनी पोहोचत होता : घरातील भेट, शाळेतील गटाची बैठक आणि संकेतस्थळ. शाळेतील गटाचे महत्त्व कमी लेखू नये. घरात आजीचे राज्य असले तरी वर्गात समवयस्क आया असतात, आणि या वयात मैत्रिणीने सोडलेले कोल्ड्रिंक शिक्षिकेच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त काम करते.

संदेश मुद्दाम थोडके ठेवले होते. साखरेच्या पेयाऐवजी पाणी घेणे, अरबट-चरबट खाण्याऐवजी फळ किंवा भाजी निवडणे आणि बाळाला घेऊन चालणे-फिरणे या सवयींवर भर होता. त्यांतील प्रत्येक सवय बाळाशी जोडता येते. दोन वर्षांचे मूल आईच्या हातातील बाटलीकडेच हात करते. आईच्या ताटात गाजर नसेल तर मुलाच्या ताटात ते आले तरी टिकत नाही. शिक्षिकेने बोलणे मुलापासून सुरू करून आईवर आणायचे, आणि वजन हा शब्द शक्य तितका मागे ठेवायचा, हीच या रचनेतील खरी कुशलता होती.

परिणाम तपासण्यासाठी पॅरेंट्स ॲज टीचर्सच्या केंद्रांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील केंद्रे नेहमीच्या भेटी देत राहिली आणि दुसऱ्या गटातील केंद्रांनी त्याच भेटींत नवा आशय घातला. विभागणी मुलींची न करता केंद्रांची करण्यामागे साधे कारण आहे. एकच शिक्षिका एका घरी नवा विषय बोलेल आणि शेजारच्या घरी मुद्दाम बोलणार नाही, हे प्रत्यक्षात शक्य नसते. आखणी सेंट लुईसची असली तरी चाचणी त्या शहरापुरती नव्हती; तीस राज्यांतील तेराशेहून अधिक किशोरवयीन आया तिच्यात होत्या. नेहमीच्या भेटी मिळणाऱ्या मुलींनाही चांगली सेवा मिळत होती, ही बाब निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे, कारण इथे काहीच न मिळालेल्या मुलींशी तुलना झालेली नाही.

बारा आठवड्यांची रेषा

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे परिणाम सर्व मुलींवर सारखा झाला नाही. उपक्रमात आल्या तेव्हा ज्यांच्या बाळंतपणाला बारा किंवा अधिक आठवडे झाले होते, त्या मुलींनी आपला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा निर्देशांक) योग्य पातळीवर राखण्याची किंवा वाढलेला बीएमआय सुधारण्याची शक्यता तुलनेच्या गटापेक्षा ८९ टक्क्यांनी अधिक होती. फळे-भाज्या आणि अधेमधे खाण्याच्या सवयींतही या मुलींमध्ये सुधारणा दिसली. बाळंतपणाला बारा आठवडे होण्याआधीच सामील झालेल्या मुलींमध्ये मात्र असा फरक आढळला नाही.

याचे कारण काय असावे याबद्दल माझे आकलन असे आहे. पहिल्या तीन महिन्यांत शरीरातील साठलेले पाणी आणि गरोदरपणातील वाढ आपोआप काही प्रमाणात कमी होत असते. ती दोन्ही गटांत होते, आणि त्या उताराखाली कोणत्याही उपक्रमाचा परिणाम झाकला जातो. त्या काळात आईला सलग झोप नसते, स्तनपान अजून बसत असते, टाके दुखत असतात, आणि अल्पवयीन आईच्या बाबतीत शाळा, बाळाचा बाप आणि स्वतःचे घर यांच्याशी नाते नव्याने जुळवायचे असते. अशा वेळी पाणी की कोला ही चर्चा कानावर पडते पण मनात उतरत नाही. तिसऱ्या महिन्यानंतर बाळाची झोप थोडी मार्गी लागते, आईचा दिवस आकार घेऊ लागतो आणि नव्या सवयीला जागा मिळते. मोठ्या चाचणीच्या आतील उपगटात आढळलेला निष्कर्ष असल्यामुळे त्याला अंतिम नियम मानणे घाईचे ठरेल. तरीही गृहभेटींचे वेळापत्रक आखणाऱ्या कोणीही त्याकडे दुर्लक्ष करू नये इतका तो व्यवहाराला धरून आहे.

दुसरी गोष्ट यशाच्या व्याख्येची. इथे यश म्हणजे ‘किती किलो उतरले’ असे धरलेले नव्हते. योग्य वजनाची मुलगी योग्य वजनातच राहिली, हेही यशात मोजले होते. सतरा वर्षांच्या मुलीचे वजन पुढील दोन वर्षे वाढू दिले नाही, तर तिच्या दुसऱ्या गरोदरपणाची सुरुवात वेगळ्या आकड्यावर होते. आरोग्याच्या हिशेबात हा लाभ मोठा आहे, पण तो फोटोत दिसत नाही, आणि म्हणून निधी देणाऱ्यांना तो पटवणे कठीण जाते.

प्रौढ आयांसाठी ‘हेल्थ’

याच संशोधकांचे पुढचे काम प्रौढ आयांसोबत झाले. अमेरिकेत मधुमेह प्रतिबंधावर झालेल्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये जाहीर झाले होते. तिच्यात ३,२३४ व्यक्ती होत्या. सात टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले होते. उपाय चालतो हे त्यातून पक्के झाले. पण ज्या बाईला लहान मूल आहे, गाडी नाही आणि पाळीची नोकरी आहे, ती सोळा सत्रांसाठी केंद्रावर येणार कशी, हा प्रश्न उरला. ‘हेल्थ’ हा उपक्रम त्यावरचा उपाय होता. मधुमेह प्रतिबंधाच्या त्या कार्यक्रमातील गाभ्याच्या गोष्टी, म्हणजे छोटी उद्दिष्टे ठरवणे, स्वतःच्या खाण्या-चालण्याची नोंद ठेवणे, अडचण आल्यास आधीच पर्याय योजणे, या पालक-शिक्षिकेच्या भेटीत बसवण्यात आल्या.

शाळापूर्व वयाचे मूल असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या १७९ स्त्रिया या चाचणीत होत्या. काहींना नेहमीच्या भेटी आणि काहींना नव्या आशयाच्या भेटी मिळतील अशी विभागणी निव्वळ योगायोगावर सोपवली होती, आणि पाठपुरावा दोन वर्षांचा होता. चोवीस महिन्यांच्या शेवटी नव्या आशयाच्या गटातील २६ टक्के स्त्रियांचे वजन किमान पाच टक्क्यांनी कमी झालेले होते, तर नेहमीच्या भेटींच्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. ऐंशी किलोच्या स्त्रीसाठी पाच टक्के म्हणजे चार किलो. साखर आणि रक्तदाब यांवर फरक पडण्यासाठी इतकी घट पुरेशी असते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. चारांतील जवळजवळ तीन स्त्रियांना पाच टक्क्यांची घट साधली नाही, आणि गृहभेटींना जादूचा उपाय मानणाऱ्यांनी हे आधी वाचावे. पण वजन कमी करण्याच्या कार्यक्रमांत पहिले सहा महिने उतरलेले वजन दुसऱ्या वर्षात परत येणे हा नेहमीचा अनुभव आहे. इथे दोन वर्षांनंतरही फरक टिकला, तोही चिकित्सालयाबाहेर, अल्प उत्पन्नाच्या घरांत आणि बालविकासाच्या शिक्षिकेच्या हातून. मला हे यश मोठे वाटते.

गरोदरपणातच काम सुरू केले तर काय होते, हेही सेंट लुईसमध्ये तपासले गेले. गरोदरपणातील वजनवाढीवर अमेरिकेत एका संशोधन-समूहाखाली सात स्वतंत्र चाचण्या झाल्या, त्यांतील एक इथली होती. वजन जास्त असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल २६७ आफ्रिकी-अमेरिकी गरोदर स्त्रिया तिच्यात होत्या. वाढीव आशयाच्या भेटी मिळालेल्या स्त्रियांचे वजन गरोदरपणात सरासरी ८ किलोने वाढले, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्यांचे ९.६ किलोने. जन्मलेल्या बाळांच्या अंगावरील चरबीत मात्र फरक दिसला नाही. आईवर झालेला परिणाम बाळावर आपोआप उतरत नाही, याची ही प्रामाणिक नोंद आहे.

जिथे काम अडते

भेटीचा तास रबरासारखा ताणता येत नाही. बाळ आजारी आहे, घरमालकाने नोटीस दिली आहे, किंवा आईला रात्री मारहाण झाली आहे, अशा दिवशी शिक्षिकेने फळे-भाज्यांचा विषय काढू नये आणि ती काढतही नाही. म्हणजे कागदावर ठरलेल्या भेटींपैकी काहींत वजनाचे काम होतच नाही, आणि ज्या घरांना त्याची सर्वाधिक गरज असते तिथेच ते सर्वांत जास्त वेळा मागे पडते. यावर उपाय एकच दिसतो : आशय इतका लहान आणि सुटा ठेवायचा की दहा मिनिटे मिळाली तरी एक गोष्ट पूर्ण होईल.

शिक्षिकेची नोकरी कमी पगाराची आणि थकवणारी आहे. अमेरिकेतील गृहभेटींच्या क्षेत्रात कर्मचारी सोडून जाण्याचा प्रश्न सर्वपरिचित आहे. शिक्षिका बदलली की वर्षभरात जमवलेला विश्वास पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो, आणि आईच्या खासगी विषयांत तो सर्वांत उशिरा जमतो. प्रशिक्षणाची अडचण वेगळी आहे. शिक्षिकांतील अनेकजणी स्वतः वजनाशी झगडत असतात आणि या विषयावर बोलण्याचा आपल्याला काय अधिकार, असा संकोच त्यांना वाटू शकतो. प्रशिक्षणात आहाराच्या माहितीला जेवढा वेळ दिला जातो, तेवढाच या संकोचाला दिला पाहिजे. नंतरच्या टप्प्यात संशोधकांनी प्रशिक्षण ऑनलाइन उपलब्ध करून अनेक केंद्रांमध्ये ‘हेल्थ’ राबवून पाहण्याची योजना आखली, ती याच कारणांसाठी. विद्यापीठाचे लोक भोवती नसताना साध्या केंद्रात ते चालते का, हा प्रश्न मूळ चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे.

पैशाच्या बाजूने पाहिले तर २०१० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य कायद्यातून गृहभेटींसाठी केंद्रीय निधीची तरतूद झाली आणि पॅरेंट्स ॲज टीचर्स हा त्यातील मान्यताप्राप्त नमुन्यांपैकी एक आहे. ज्या भेटीचा खर्च आधीच निघतो तिच्यात नवा आशय घालण्याचा जादा खर्च प्रामुख्याने प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा असतो. स्वतंत्र कार्यक्रम उभारण्याच्या तुलनेत हा मार्ग परवडण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील घर आणि तिसऱ्या महिन्याची भेट

या प्रकरणाचा आपल्याशी संबंध ओढून आणावा लागत नाही. घरी जाऊन माता-बालकांची काळजी घेण्याचा जगभर अभ्यासला गेलेला एक प्रयोग गडचिरोलीतलाच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांच्या गृहभेटींमधून नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशभरातील आशा कार्यकर्त्या आज ज्या गृहभेटी देतात त्यांमागे हा अनुभव आहे. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींची भर पडली. या भेटींचा केंद्रबिंदू बाळ आहे, जसा तो मिसूरीतही होता.

आपल्याकडील घर मात्र वेगळे आहे, आणि सेंट लुईसचे धडे जसेच्या तसे उचलले तर नुकसान होईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रजननक्षम वयाच्या २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले आणि २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त आढळले. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे एकाच गल्लीतील दोन बाळंतिणींना उलट सल्ला द्यावा लागेल अशी स्थिती आहे. डिंक, खारीक, खोबरे आणि तूप घातलेले लाडू, अळिवाची खीर हा बाळंतिणीचा खुराक ४२ किलोच्या मुलीसाठी वरदान आहे, कारण पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. ७२ किलोच्या आईच्या बाबतीत तोच खुराक महिनोन्‌महिने चालू राहिला आणि सोबत ‘अजून हलायचे नाही’ हा दंडक राहिला, तर वजन उतरण्याचा काळ हातचा निघून जातो. खुराक ठरवते सासू किंवा माहेरची आई. त्यामुळे आशाने बोलायचे ते त्या दोघींसमोर, आणि लाडू बंद करायला न सांगता त्यांचा आकार, संख्या आणि किती दिवस घ्यायचे यांबद्दल. भारतीयांमध्ये धोका कमी बीएमआयवरच सुरू होतो. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो, हेही तिला ठाऊक असले पाहिजे.

आशांवर आधीच कामांचा डोंगर आहे, आणि बालकांसाठीच्या या वाढीव भेटींसाठी त्यांना भेटीमागे ५० रुपये मोबदला ठरलेला आहे. त्याच मोबदल्यात आणखी एक विषय त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तिसऱ्या महिन्याची भेट नेमकी त्या बारा आठवड्यांच्या रेषेवर येते, जिथून पुढे किशोरवयीन आयांना उपक्रमाचा उपयोग झालेला दिसला. त्या भेटीत आईला काट्यावर उभी करून तिचे वजन गरोदरपणाच्या सुरुवातीच्या, माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदलेल्या वजनाशी ताडून पाहावे. कमी वजनाच्या आईसाठी अंगणवाडीच्या पूरक आहाराचा पाठपुरावा करावा आणि वजन अडकून राहिलेल्या आईसाठी खुराक, चहा-बिस्किटे आणि चालणे यांवर दहा मिनिटे बोलावे. एवढे काम एखाद्या तालुक्यात, वेगळा मोबदला आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन सुरू करता येण्यासारखे आहे. तालुक्यातील निम्म्या उपकेंद्रांत ते आधी आणि उरलेल्या निम्म्या उपकेंद्रांत वर्षभराने सुरू केले, तर बाळाच्या पंधराव्या महिन्याच्या भेटीपर्यंत आयांच्या वजनात फरक पडला की नाही, हे आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल.